शेकरू आणि हिरवी मुनिया: प्रोजेक्टसाठी दोन प्राण्यांची तुलना नीट कशी करायची

ईव्हीएसच्या (पर्यावरण अभ्यास) प्रोजेक्टला "दोन वन्यजीवांची तुलना करा" हा विषय दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतोच. मग काय होतं, नेटवरून दोन फोटो उतरवायचे, मधे रेघ मारायची, डावीकडे लांबी वजन आहार, उजवीकडे लांबी वजन आहार, कव्हर लावून सबमिट. वाचणाऱ्याला शेवटी कळतं काय, तर शेकरू मोठं असतं आणि पक्ष्याला पंख असतात. एवढ्यासाठी कशाला प्रिंटआउटचे पैसे घालवायचे?

म्हणून इथं एक जोडी घेऊन तुलना कशी करत जायची ते सांगतो. एका बाजूला शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि दुसऱ्या बाजूला हिरवी मुनिया, एक छोटासा पक्षी, जिचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलंसुद्धा नसतं. तुमची जोडी वेगळी असली तरी काही बिघडत नाही, पद्धत हीच चालते.

जोडी निवडताना

कुठलेही दोन प्राणी उचलून शेजारी ठेवले की तुलना झाली असं नसतं. दोघांत बऱ्यापैकी काहीतरी सारखं असावं लागतं, मगच फरक बघण्यात मजा. शेकरू (शास्त्रीय नाव राटुफा इंडिका) आणि हिरवी मुनिया (अमांडावा फॉर्मोसा) हे दोघंही मूळचे फक्त भारतातले. दोघंही दिवसा वावरणारे, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन फिरायची गरज नाही. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि दोघंही दिसायला देखणे, जे मुनियाच्या मुळावरच आलं. आता एवढं सगळं सारखं असून एकाचं बरं चाललंय आणि दुसरीचं नाही, ते का, हा झाला प्रोजेक्टचा प्रश्न. तो पहिल्या पानावर एका वाक्यात लिहून टाका. माझं मत विचाराल तर "यांना धोका कशाचा आणि एकच उपाय दोघांना चालेल का" हा प्रश्न सगळ्यात चांगला, कारण त्याचं उत्तर कॉपी-पेस्ट करून मिळत नाही.

दोघांचे गण पण नीट समजून घ्या, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. शेकरू हे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातलं आहे, म्हणजे उंदीर, घूस, खार, साळिंदर यांचंच भाऊबंद. राज्यप्राणी उंदरांचा नातेवाईक म्हटलं की काही लोकांना उगाच राग येतो, पण खरं तेच आहे. या सगळ्यांचे पुढचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि दाताच्या फक्त पुढच्या बाजूला कडक एनॅमल असतं, मागची बाजू लवकर झिजते, त्यामुळे कुरतडता कुरतडता धार आपोआप लागत जाते. मुनिया गाणाऱ्या पक्ष्यांत मोडते, पण इथं गाणं गोड आहे का नाही हा मुद्दाच नसतो, आवाज काढायच्या अवयवाची रचना बघतात. त्या हिशोबाने कावळा गाणारा पक्षी आणि कोकीळ नाही, घ्या! मुनियाचं स्वतःचं गाणं पण बारीक, किनऱ्या आवाजातलं असतं, कुणी त्यासाठी तिला पकडत नाही, पकडतात ते रंगासाठी.

जाता जाता एक गंमत, ती प्रोजेक्टमध्ये घातलीत तर भाव खाऊन जाल. १९७२ च्या कायद्याला पूर्वी पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. त्यात उंदीर होते, फळं खाणारी वटवाघळं होती आणि साधा कावळा पण होता. म्हणजे कुरतडणारा प्राणी आणि गाणारा पक्षी सरकारदरबारी एकाच यादीत, तेही संरक्षण काढून घेण्यासाठी. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हा ही अनुसूची गेली.

रेड लिस्ट वाचायची कशी

इथं जरा वेळ घाला, कारण नव्वद टक्के मार्क इथंच मिळतात किंवा जातात. कुठल्या प्राण्याला किती धोका आहे याची जागतिक यादी म्हणजे आययूसीएन या संस्थेची रेड लिस्ट, तिच्या साइटवर जाऊन शास्त्रीय नाव टाका, मराठी किंवा इंग्रजी नाव टाकलंत तर भलतंच काहीतरी समोर येतं, कारण भारतात राटुफा या वंशातल्याच तीन वेगवेगळ्या मोठ्या खारी आहेत, आपलं शेकरू, ईशान्येकडची काळी आणि दक्षिणेतली करडी.

शेकरूसमोर लिहिलेलं दिसेल लीस्ट कन्सर्न, म्हणजे सध्या फार चिंता नाही. हिरव्या मुनियासमोर व्हल्नरेबल, म्हणजे असुरक्षित. बहुतेक जण हे दोन शब्द उतरवून घेतात आणि टॅब बंद करतात. थांबा ना, खाली अजून तीन गोष्टी आहेत त्या पण घ्या: संख्या वाढतेय का घटतेय, हे मूल्यांकन कोणत्या वर्षी केलं, आणि कोणत्या निकषावर केलं. शेकरूची कॅटेगरी बरी असली तरी संख्येचा कल "घटता" असाच लिहिलाय. म्हणजे "काही चिंता नाही" आणि "कमी होतंय" या दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

आणि बातमीत असतं तसं दोघांनाही सरसकट "नामशेष होण्याच्या मार्गावर" लिहू नका हो. पायऱ्या आहेत त्याला. व्हल्नरेबल, त्यावर एन्डेंजर्ड, त्यावर क्रिटिकली एन्डेंजर्ड. या तिघांना मिळून संकटग्रस्त म्हणतात. मुनिया संकटग्रस्त आहे, तिघांतल्या पहिल्या पायरीवर. शेकरू या तिघांत नाहीच.

आता या पायऱ्या ठरतात कशा. संख्येवरून बघायचं तर पिल्लं घालण्याच्या वयाचे प्राणी १०,००० पेक्षा कमी असतील आणि घटत असतील तर व्हल्नरेबल, २,५०० पेक्षा कमी आणि घटत असतील तर एन्डेंजर्ड, २५० पेक्षा कमी आणि घटत असतील तर क्रिटिकली एन्डेंजर्ड. (याला अजून पोटअटी आहेत, प्रोजेक्टपुरतं एवढं पुरे.) दुसरा रस्ता म्हणजे घसरणीचा वेग. १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत, जो काळ जास्त असेल त्या काळात, संख्या किमान ३० टक्के घटली तर व्हल्नरेबल, ५० टक्के तर एन्डेंजर्ड, ८० टक्के तर क्रिटिकली एन्डेंजर्ड.

ही "जो काळ जास्त असेल" वाली अट तुलनेसाठी फार महत्त्वाची आहे, एक साधं गणित करून दाखवा. समजा एखाद्या छोट्या पक्ष्याची एक पिढी ३ वर्षांची धरली, तर ३ पिढ्या म्हणजे ९ वर्षं, ती १० पेक्षा कमी, म्हणून मोजायची १० वर्षंच. समजा एखाद्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याची पिढी ७ वर्षांची धरली, तर ३ पिढ्या म्हणजे २१ वर्षं, मग घसरण २१ वर्षांत किती झाली ते बघायचं. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण मुद्दा कळला ना, की दोन प्राण्यांना एकच कॅलेंडर लावून चालत नाही. "गेल्या १० वर्षांत दोघं किती कमी झाले" असा कॉलम केलात तर तो दिसायला समान असतो, पण सावकाश वाढणाऱ्या प्राण्याची अर्धी गोष्ट त्यात येतच नाही.

संख्या जास्त म्हणजे सेफ असं पण समजू नका. पिवळ्या छातीचा बंटिंग, इंग्रजीत यलो-ब्रेस्टेड बंटिंग म्हणतात तो पक्षी, हिवाळ्यात आपल्या ईशान्येकडे आणि नेपाळात येतो, एकेकाळी फिनलंडपासून जपानपर्यंत याची वीण व्हायची. २००४ च्या आधी हा लीस्ट कन्सर्नमध्येच होता. चीनमध्ये खाण्यासाठी जाळी लावून इतका पकडला की एकेक पायरी घसरत २०१७ मध्ये क्रिटिकली एन्डेंजर्ड. १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्के घटली असा अंदाज आहे. शेकरू लीस्ट कन्सर्न आहे म्हणून निवांत बसणाऱ्याला हे उदाहरण द्यायचं.

आणि कॅटेगरी अख्ख्या जातीची असते, एका जंगलाची नसते, हे लिहायला विसरू नका. गुजरातेत डांगच्या जंगलात शेकरूचा एक फिकट, जवळजवळ पांढरट प्रकार होता, तो आता संपला असंच मानतात. रेड लिस्टमध्ये शेकरू लीस्ट कन्सर्नच राहिलं, पण डांगचं ते शेकरू गेलं ते गेलंच.

अंगकाठी आणि पिल्लं, हे पटकन उरका

शेकरू साधारण दीड ते दोन किलोचं, शेपूट अंगापेक्षा लांब. मुनिया दहा सेंटीमीटरची, वजन १० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात एक शेकरू टाकलं तर दुसऱ्यात दीडशे-दोनशे मुनिया लागतील. हे वाक्य वाचायला छान वाटतं, पण याच्यावर पान खर्च करू नका. त्यापेक्षा पिल्लांचा आकडा कामाचा: शेकरूला एका वेळी बहुतेक एक किंवा दोन पिल्लं, मुनिया एका वेळी चार ते सहा अंडी घालते. याचा अर्थ मुनियाला त्रास देणं थांबवलं तर ती तुलनेने लवकर सावरू शकते, शेकरूचं एखाद्या जंगलातून एकदा बिनसलं की भरून यायला फार वेळ लागतो. आज मुनिया जास्त संकटात आहे आणि तरीही सावरण्याच्या बाबतीत तीच वरचढ, असं उलटसुलट निघालं की समजायचं तुलना जमायला लागली.

राहतात कुठं (मला विचाराल तर खरी तुलना ही)

शेकरू बघायचं तर भीमाशंकर, फणसाड, महाबळेश्वर, आंबोली, इकडे गोव्यात मोले-खोतीगाव, तिकडे मेळघाट आणि गडचिरोलीची जंगलं. भीमाशंकर अभयारण्य १९८५ चं, साधारण १३१ चौरस किलोमीटर, आणि लोकांच्या डोक्यात शेकरू म्हणजे भीमाशंकर हे समीकरण पक्कं बसलंय. तिथं गेलात तर खाली बघत चालू नका, मान वर. आधी ऐकू येतं, पानांत खसखस आणि मग कट-कट-कट असा खडखडाट. मग फांदी हलते. मागच्या पायांनी फांदी धरून हे उलटं लोंबकळतं आणि पुढच्या दोन हातांत फळ धरून खात बसतं, जांभूळ असो, उंबर असो. तुम्ही खाली उभे असाल तर डोक्यावर सालं, अर्धवट खाल्लेली फळं पडत राहतात. आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना खाली उतरायचं नाव नाही, सहा मीटरपर्यंत उडी मारतं. जमिनीवर यायला ते नाखूशच असतं.

बस, शेकरूचा सगळा धोका या एका सवयीत आहे. झाडांचे शेंडे एकमेकांना टेकलेले असतील तोपर्यंत त्याचं राज्य, मधून रस्ता रुंद केला, विजेच्या लाइनखालची झाडं तोडली, देवराई कापली, की फांदीचा पूल तुटला आणि अलीकडचं शेकरू अलीकडे, पलीकडचं पलीकडे. नकाशावर जंगल हिरवंच दिसतं, पण शेकरूसाठी त्याचे दोन तुकडे झालेले असतात. शिकार होते ती वेगळीच.

हिरव्या मुनियाची गोष्ट जमिनीलगतची. राजस्थानात सिरोही जिल्ह्यात माउंट अबू हे तिचं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण, आपल्याकडची मंडळी अबूला जातात, नक्की लेकला बोटिंग करतात, गुरुशिखरला फोटो काढतात आणि त्याच रस्त्याच्या कडेच्या झुडपांत हा पक्षी असतो हे कळतही नाही. अबू सोडलं तर मध्य भारतात तुकड्या-तुकड्यांत आढळते. तिला लागतं उंच गवत, काटेरी झुडपं, दगड, जवळपास पाणी, आणि शेतकडेचा ऊस असेल तर फारच उत्तम. गवताचं बी खाते, गवताचंच गोल घरटं करते. दिसायला पाठ हिरवी, पोट पिवळं, चोच लालभडक, आणि कुशीवर काळे-पांढरे आडवे पट्टे, ते पट्टे दिसले की शंकाच नको. मादी जरा फिकी असते. थवा गवताच्या काड्यांवर बसला की काड्या वाकतात, तेवढ्यावरूनच कळतं की तिथं काहीतरी आहे, नाहीतर हिरव्यात हिरवं मिसळून जातं.

आता या दोघांना शेजारी ठेवा आणि "झाडे लावा झाडे जगवा" हा आपला कायमचा उपाय लावून बघा. शेकरूला ती झाडं उपयोगी पडायला कित्येक वर्षं जावी लागतील, तीही फळं देणारी, स्थानिक असतील तर, निलगिरीची रांग लावून काहीच होणार नाही. आणि मुनियाला? ज्या गवताळ, झुडपी जमिनीला आपण "पडीक" म्हणून खड्डे मारायला घेतो तीच तिची जागा. म्हणजे एकाच्या नावाने केलेला वृक्षारोपणाचा कार्यक्रम दुसरीचं घर मोडू शकतो. माझ्या मते हा एक पॅरेग्राफ अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो कुणीच लिहीत नाही, सगळे "वृक्षतोड थांबवावी" लिहून मोकळे.

स्वतः मोजायचं असेल तर

दोघांना एकाच पद्धतीने मोजायला जाऊ नका. शेकरूसाठी सकाळी लवकर, ठरलेल्या पायवाटेवरून, ठरलेल्या वेगाने चालायचं आणि दिसलेलं प्रत्येक शेकरू वाटेपासून साधारण किती लांब होतं ते लिहायचं. घरट्यांवरून मोजणी करतात तीसुद्धा चालते, पण सांभाळून. काटक्या-पानांची मोठी गोल घरटी, बारीक फांद्यांच्या टोकाला, आणि एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं, काही वापरातली, काही सोडून दिलेली. घरटी ४० दिसली म्हणून शेकरू ४० लिहिलंत तर बाई पहिल्या प्रश्नालाच आउट करतील. वापरातलं घरटं कसं ओळखायचं तर पानं ताजी आहेत का, येजा दिसते का ते बघायचं, आणि जुनी-नवी वेगळी मांडायची.

मुनियासाठी चालत सुटून फायदा नाही. पाण्याजवळ किंवा गवताच्या पट्ट्याजवळ एका जागी बसायचं, ठरलेली मिनिटं, आणि थवा आला की एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा घ्यायचा. दर वेळेची बेरीज करायची नाही, तोच थवा उडून फिरून परत येतो आणि तुमच्या वहीत तिप्पट होतो. थव्याचा फोटो काढून घरी झूम करून मोजणं बेस्ट. मुनिया दिसलीच नाही तरी "इतकी मिनिटं बसलो, दिसली नाही" हे लिहा, ते पण डेटाच आहे.

जाणं शक्य नसेल तर ईबर्डवरचा डेटा वापरा, मुनियाला तो बरा मिळतो, शेकरूला अर्थातच नाही कारण ती साइट पक्ष्यांची. आणि इथंच एक सापळा आहे बघा, पक्षी बघणारे हजारो लोक नोंदी करतात, शेकरूच्या नोंदी करणारे त्या मानाने फार कमी. नोंदी जास्त म्हणजे प्राणी जास्त असं होत नाही. भारतातल्या पक्ष्यांचा एकत्र आढावा हवा असेल तर २०२३ चा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स हा रिपोर्ट बघा, ९४२ जातींचा अभ्यास आहे त्यात, ईबर्डच्याच नोंदींवरून.

फिल्डवर जाताना अभयारण्याची परवानगी काढा, घरट्याच्या झाडाला हलवू नका, दगड मारून शेकरू "हलतंय का" बघणारे महाभाग असतात त्यांच्यासोबत जाऊ नका. मुनियाची नेमकी जागा, गूगल मॅपची पिन, प्रोजेक्टमध्ये किंवा इन्स्टावर अजिबात टाकायची नाही. तालुका लिहा, पुरे.

पिंजऱ्याचा मुद्दा

जागेची एवढी लपवाछपवी का, तर मुनियाचा मोठा शत्रू पिंजरा आहे. गेल्या शंभराहून जास्त वर्षांपासून ही शोभेचा पक्षी म्हणून विकली जाते, परदेशात सुद्धा जायची. आपल्याकडे १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे, आंतरराष्ट्रीय पातळीवर साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ही आहे (शेकरू पण त्याच परिशिष्टात आहे, हे टेबलमध्ये घाला). तरी बाजारात चोरून मुनिया येतातच, आणि वर साध्या मुनियांना हिरवा-पिवळा रंग मारून पण विकतात, पाणी लागलं की रंग उतरतो. त्यामुळे बाजारात हिरवी दिसली म्हणजे ती हिरवी मुनियाच असं नाही, कुशीवरचे पट्टे बघा.

शेकरूच्या बाबतीत असा संघटित पिंजऱ्याचा धंदा हा मुख्य धोका नाही, त्याला मुख्य धोका जंगलाचे तुकडे होण्याचा. म्हणून टेबलमध्ये "धोके" या एका रकान्यात दोघांसमोर "अधिवास नष्ट होणे, शिकार" असं सारखंच लिहू नका, क्रम लावा. शेकरूला आधी अधिवास, मग शिकार. मुनियाला पकडणं आणि अधिवास दोन्ही. पकडणं हे पोलीस आणि वनखात्याने धाडी टाकून थांबवता येतं, तुटलेले शेंडे मात्र धाड टाकून जोडता येत नाहीत.

तोंडीला "मग दोघांत जास्त धोक्यात कोण" असं विचारलं तर लगेच मुनिया म्हणू नका. कुठं, हे आधी विचारा. देशाच्या पातळीवर मुनिया. एखाद्या छोट्या, सगळीकडून तुटलेल्या राईत राहिलेली दोन-चार शेकरं असतील तर तिथं शेकरू.

आणि प्रोजेक्टसाठी फोटो हवाय म्हणून किंवा "सोडून देऊ" म्हणून बाजारातली मुनिया विकत घेऊ नका, चार घेतल्या की विकणारा पुढच्या आठवड्यात आठ आणतो, शिवाय ती बाळगणं हाच गुन्हा आहे. महाराष्ट्रात असाल तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथं फोन करून बाजार कुठला, दुकान कुठं आणि पिंजऱ्यात साधारण किती पक्षी होते ते सांगा.